‘नये’ ऐकू आले पाहिजे : नभोवाणीवरील आवाज आणि अंकीय ध्वनिसंस्कारक

(वालचंदनगर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी वाक्याचा निर्णय बहुधा त्याच्या शेवटच्या शब्दात असतो. ‘पावसाची चिन्हे असताना फवारणी करू नये’ या वाक्यातील सारा सल्ला ‘नये’ या दोन अक्षरांत आहे. ती ऐकू आली नाहीत, तर श्रोत्याच्या हाती ‘फवारणी करू’ एवढेच राहते. आणि नेमके वाक्याच्या शेवटीच बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो, आवाज खाली उतरलेला असतो. नभोवाणी केंद्रावरील अंकीय ध्वनिसंस्कारक, ज्याला व्यवहारात व्हॉइस प्रोसेसर असेच म्हणतात, तो हे ‘नये’ वाचवू शकतो. चुकीचा लावला तर पुसूनही टाकू शकतो.

ग्रामीण श्रोत्यांसाठी नभोवाणीचा वापर या भागाला नवा नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 साली सुरू झाले आणि 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे व आसपासच्या जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. गावकरी एका रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. एखादा शब्द निसटला तर शेजाऱ्याला विचारण्याची सोय त्यात आपोआप होती. आजचा श्रोता मोबाईल संचावर, बहुधा एकटा, शेतात किंवा गोठ्यात ऐकतो. त्याला विचारायला कोणी नसते.

केंद्र शासनाने 2002 मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना व कृषि विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओचा मार्ग मोकळा केला. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ व कृषि विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषि वाहिनी’, तर माण तालुक्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ ही केंद्रे त्यातूनच उभी राहिली. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती साधारण 100 वॉट इतकी मर्यादित ठेवलेली असते. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, असे धोरण सांगते. याचा अर्थ असा की, मायक्रोफोनपुढे बसणारी व्यक्ती कसलेली निवेदिका नसून बचत गटाची अध्यक्ष, आशा कार्यकर्ती किंवा ऊस उत्पादक असते. कोणी पुटपुटते, कोणी सभेत बोलल्यासारखे ओरडते, कोणी बोलताना मान वळवते. ध्वनिसंस्कारकाची खरी गरज यांच्यासाठी आहे.

पाटाचे दार

नीरा डाव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना या यंत्राचे काम समजावणे अवघड नाही. वरच्या चारीला पाणी फार सुटले की दार थोडे खाली करावे लागते, नाहीतर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही. यंत्रातील कंप्रेसर हा भाग आवाजाच्या बाबतीत हेच करतो. ठरविलेल्या पातळीच्या वर आवाज गेला की तो दाबतो. प्रमाण तीनास एक ठेवले, तर पातळीच्या वरचे तीन डेसिबल बाहेर पडताना एकच डेसिबल उरतात. मोठे आवाज असे आटोक्यात आल्यावर एकूण पातळी वर उचलता येते आणि वाक्याच्या शेवटचा दबका शब्दही वर येतो. साध्या बोलण्यासाठी दोनास एक ते तीनास एक हे प्रमाण आणि सरासरी चार ते सहा डेसिबलची दाब पुरेशी होते. त्यापलीकडे गेल्यास बोलणाऱ्याचा प्रत्येक श्वास आणि मागील पंखाही तितकाच मोठा ऐकू येऊ लागतो.

अर्थात यंत्राला हात लावण्यापूर्वी मायक्रोफोनची जागा ठरली पाहिजे. तोंडापासून सुमारे एक वीत आणि किंचित बाजूला, ही जागा बहुतेकांना मानवते. मराठीत ख, फ, भ, ध यांसारखे महाप्राण वर्ण विपुल आहेत. मायक्रोफोन अगदी समोर असेल तर त्यांचा फुंकर त्यावर आदळतो आणि ‘भात’ शब्दाआधी धाडकन आवाज होतो. सुमारे 80 हर्ट्झच्या खालचा भाग गाळणीने काढल्यास हा त्रास आणि टेबलाचा धक्का पुष्कळ कमी होतो. विजेची घरघर मात्र त्याने पूर्णपणे जात नाही. तिचे मूळ बहुधा सदोष अर्थिंगमध्ये असते आणि तेथेच ती दुरुस्त करावी.

त्यानंतर आवक पातळी. जुन्या टेप यंत्रात सुई लाल भागात गेली तरी आवाज थोडा खरखरत असे, एवढेच. अंकीय मोजपट्टीवर शून्य हे वरचे टोक आहे आणि त्यापुढे काहीच नाही. तेथे पोचलेला आवाज कापलाच जातो आणि पुढील कोणत्याही उपायाने तो सांधता येत नाही. म्हणून बोलणे सरासरी उणे 20 च्या आसपास व उंच टोके उणे 10 ते उणे 6 च्या दरम्यान ठेवणे शहाणपणाचे.

गेटचा धोका

सर्वांत अधिक जपून वापरावा असा भाग म्हणजे नॉइज गेट. बोलणे थांबले की हे दार बंद होते आणि खोलीतील गोंगाट बाहेर जात नाही. स्टुडिओ शाळेच्या खोलीत असेल, बाहेर उसाचे ट्रॅक्टर जात असतील, तर ही सोय फार मोहाची वाटते. (ट्रॅक्टरवरील गाण्यांवर अद्याप कोणत्याही यंत्राचा इलाज चालत नाही, ही गोष्ट वेगळी.) परंतु गेटला माणूस आणि पंखा यांतील फरक कळत नाही. त्याला फक्त पातळी कळते. मर्यादा उंच लावली की आवाज खाली उतरताच दार मिटते आणि ‘नये’, ‘नको’, ‘नाही’ आतच राहतात. संकोचाने हळू बोलणाऱ्या बाईची तर निम्मी वाक्ये अशी गिळली जातात, आणि दोष तिच्या बोलण्याला दिला जातो. म्हणून पूर्ण बंद होणाऱ्या गेटऐवजी एक्स्पांडर वापरावा. तो गोंगाट सहा ते दहा डेसिबलने केवळ खाली नेतो. मिटण्याचा वेळही अर्ध्या सेकंदाच्या आसपास, म्हणजे सावकाश ठेवावा. थोडा पंखा ऐकू आला तरी चालेल.

इक्वलायझरविषयी फार सांगण्यासारखे नाही. 200 ते 300 हर्ट्झच्या पट्ट्यात थोडी काट घातली की डब्यातून बोलल्यासारखा नाद जातो. दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल वाढविले की व्यंजने उजळतात.

डी-एसर हा ‘स’कार आवरणारा भाग मात्र दुर्लक्षिण्यासारखा नाही. एफ.एम. प्रक्षेपणात वरच्या स्वरांना मुद्दाम उठाव दिलेला असतो. भारतात त्याचे प्रमाण 50 मायक्रोसेकंद आहे. त्यामुळे तीव्र ‘स’ ट्रान्समीटरपूर्वीच्या लिमिटरवर आदळून फाटतो. डी-एसर तो मऊ करतो. पण अति झाल्यास ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील फरकच पुसट होतो, कारण तो फरक एका ‘स’वर उभा आहे. औषधाची मात्रा सांगताना हे परवडणारे नाही. तीन-चार डेसिबलपेक्षा अधिक आवर घालू नये आणि महत्त्वाचा आकडा निवेदकाने दोनदा उच्चारावा. दुसरा उपाय यंत्राचा नाही, पण तो अधिक खात्रीचा आहे.

अंकीय यंत्राला हिशेबासाठी काही मिलिसेकंद लागतात. स्वतःचा आवाज हेडफोनवर उशिरा ऐकू आला की नवखा वक्ता अडखळतो. त्यास संस्कारापूर्वीचाच आवाज ऐकवावा.

चाचणी स्टुडिओतील उत्तम स्पीकरवर घेऊन भागत नाही. साधा मोबाईल संच घेऊन एकाने केंद्राच्या कक्षेच्या कडेला, शक्यतो चालू कडबाकुट्टीजवळ उभे राहावे. दुसऱ्याने स्टुडिओतून वीस वाक्ये वाचावीत. त्यांपैकी काही होकारार्थी, काही नकारार्थी, काही आकड्यांची असावीत. ऐकणाऱ्याने ती लिहून घ्यावीत आणि मग दोन्ही कागद ताडून पाहावेत. शाळेतील मुले हे काम उत्तम करतात. एखादा नकार चुकला तर पहिली शंका गेटवर, आकडा चुकला तर डी-एसरवर घ्यावी.

जुळलेली मांडणी यंत्राच्या स्मृतीत साठविता येते. स्त्री, पुरुष व हळू बोलणारा पाहुणा अशा निदान तीन मांडण्या ठेवाव्यात, त्यांचे आकडे वहीत तारखेसह उतरवावेत आणि वही यंत्राजवळच टांगावी. वीज जाऊन आल्यावर कोणती मांडणी चालू आहे, हे प्रक्षेपणापूर्वी वहीशी ताडून पाहावे.