ठोकलेली जुनी गाडी : दुरुस्त करायची की विकायची?

आम्ही दोघी जावा, कोरेगाव तालुक्यातल्या. आज आम्ही गाडीवर बोलणार आहोत. गाडी चालवण्यावर बायकांनी बोललेलं आता कुणाला नवल वाटत नाही, पण गाडी ठेवायची की काढायची हे ठरवायची वेळ आली की बैठक अजून पुरुषांचीच बसते. आमच्याकडेही तशीच बसली होती.

गाडी आमची २०१२ सालची वॅगन आर. उसाच्या हंगामात उतारावर उभी केलेली ट्रॉली मागे सरकली आणि दारात उभ्या असलेल्या गाडीच्या तोंडावर आली. गाडीत कुणी नव्हतं, एवढं बरं. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला, डावा हेडलाइट गेला, डाव्या बाजूचा पत्रा आत गेला. यजमान मंडळींनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "तेरा-चौदा वर्षांची गाडी, भंगार झाली, विकून टाका." एक एजंट घरी येऊन ३५ हजार देतो म्हणालाही.

पण आमच्या सासूबाईंचं, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं साताऱ्याला. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. गाडी धाकटी चालवते, दवाखान्यात मोठी बसते. म्हणजे गाडी ज्यांना लागते त्या आम्ही. म्हणून आम्ही आठ दिवस मागून घेतले आणि तेवढे दिवस भाड्याची गाडी केली. त्या आठ दिवसांत जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, वरून बघून कुणी आकडा सांगितला तर त्यावर काही ठरवू नका. एका मोठ्या वर्कशॉपने गाडी उघडायच्या आधीच ६२ हजार सांगितले. गावाजवळच्या मेस्त्रींना आम्ही म्हटलं, आधी बंपर आणि बॉनेट उतरवा, मग बोलू. त्याची मजुरी वेगळी दिली, हजार रुपये. ते हजार आम्हाला सगळ्यात कामाचे वाटतात. कारण खरा प्रश्न पत्र्याचा नव्हताच. ट्रकला खाली वेगळी चेसिस असते, तशी या लहान गाड्यांना नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा. बॉनेटखाली दोन्ही बाजूंनी पुढे गेलेले दोन जाड दांडे असतात, मेस्त्री त्यांना लाँग मेंबर म्हणतात. ते वाकले असतील तर गाडी वरून कितीही चकाचक करा, ती एका बाजूला ओढते, टायर एकीकडूनच झिजतात आणि पुन्हा धडक बसली तर मार सरळ आतल्या माणसांपर्यंत येतो. मेस्त्रींनी टेप लावून आमच्यासमोर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घेतली. दोन्ही सारखी भरली. पुढची चारही दारं-खिडक्या आम्ही स्वतः उघडून-लावून पाहिल्या, फटी सारख्या होत्या. माप चुकलं असतं तर त्याच दिवशी ३५ हजार घेऊन मोकळ्या झालो असतो, हे आमचं आधीच ठरलं होतं.

उघडल्यावर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर धरणारी पट्टीही गेलेली निघाली. सगळं धरून ४४ हजार.

आता विम्याचं. आमचा विमा थर्ड पार्टी. त्यात स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. ट्रॉलीवाल्याने दहा हजार दिले. ज्यांचा विमा पूर्ण आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावं की जुन्या गाडीला बिलाएवढे पैसे मिळत नाहीत. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घट धरतात, आणि गाडी दहा वर्षांच्या वरची असेल तर धातूच्या भागांवरही निम्मी. पॉलिसीवर गाडीची एक ठरलेली किंमत छापलेली असते, आयडीव्ही म्हणतात तिला. दुरुस्तीचा खर्च तिच्या पाऊण हिश्श्याच्या वर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. तेव्हा कागद आधी वाचा, गॅरेजला होकार नंतर द्या.

मग हिशेब मांडला. मंडळी म्हणत होती, नीट केल्यावरही गाडी लाखाच्या आसपास जाणार, तिच्यात ४४ हजार कशाला घालायचे? पण आम्हाला ती विकायची नव्हती, वापरायची होती. भाड्याची गाडी चार तास थांबून एका फेरीचे १,४०० घेते. आमच्या गाडीला साडेपाचशेचं पेट्रोल लागतं. फेरीमागे ८५० वाचतात, महिन्याच्या नऊ फेऱ्या धरल्या तर साडेसात हजार. त्यातून सर्व्हिसिंग, टायर, विमा यांचे दीड हजार काढले तरी सहा हजार उरतात.

इथे धाकटी म्हणाली, सात-आठ महिन्यांत वसूल! मोठीने तिला थांबवलं. एजंटचे ३५ हजार आपण नाकारतोय, तेही खर्चातच धरायला हवेत. हे बरोबर होतं. ४४ आणि ३५ मिळून ७९ हजार. म्हणजे तेरा महिने. गाडी तेरा महिने नीट चालली तर आपण बरोबरीत, त्यापुढचं आपलं. आधी तिच्यावर केलेला खर्च, मागच्या वर्षीची नवी बॅटरी वगैरे, आम्ही हिशेबात घेतलंच नाही. तो पैसा गाडी ठेवली तरी गेला, विकली तरी गेला.

दुसरी जुनी गाडी घ्यायची म्हटलं तर दीड लाख, आणि तिला आधी कुणी कुठे ठोकलंय हे कोण सांगणार? एसटीचाही विचार झाला. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण डायलिसिसनंतर आत्यांचं ब्लडप्रेशर उतरतं. त्यांना स्टँडवर उभं करता येत नाही.

विकण्याच्या बाजूनेही दोन गोष्टी होत्या, त्या लपवत नाही. आमच्या गाडीत एअरबॅग नाही; ड्रायव्हरसाठी ती १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आमची गाडी त्याआधीची. आणि २०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपतात. तेव्हा पाच हजार फी, शिवाय पर्यावरण कर, आणि गाडी आरटीओत दाखवायची. म्हणून यजमानांपुढे आम्ही एवढंच ठेवलं : आता दुरुस्त करू, २०२७ च्या आत इंजिन किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर विकू, तेव्हा वाद घालणार नाही. ते कबूल झाले.

ज्या विकायचं ठरवतील त्यांच्यासाठी एक सांगतो. एजंट आमच्याकडे आरसी बुक आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या मागत होता. तसं कधी देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव लिहून मगच सही करा आणि नाव बदललेलं आरटीओत स्वतः तपासा. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात म्हटलं आहे. गाडी देऊन पैसे घेतले म्हणून आपण सुटत नाही.

मेस्त्रींनी नऊ दिवस घेतले. बदललेले जुने भाग आम्ही परत मागून घेतले आणि बिलाशी ताडून पाहिले. गाडी आता सरळ चालते. डाव्या दाराचा पोचा तसाच ठेवलाय, त्याचे वेगळे नऊ हजार सांगत होते. दार नीट लागतं, काच वर-खाली होते, पावसाचं पाणी आत येत नाही.