धुरा कोणी आखायचा?





पुंजगुरुत्वावरची (क्वांटम ग्रॅव्हिटी) परिषद अडाण नदीकाठच्या बोरी अरबमध्ये कशाला, असे पत्रिका वाटताना अनेकांनी विचारले. मी म्हणालो, हद्दीचा प्रश्न आमच्या दारव्हा तालुक्याला कोणी शिकवायला नको. शेताच्या धुऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. पण आमच्याकडे निदान मोजणीचा नकाशा असतो. अवकाशकाळाची हद्द शोधणाऱ्या या संशोधक मंडळींकडे तोही नाही.

बॉम्बेली, ली, मेयर आणि सॉर्किन यांनी १९८७ मध्ये कारणसंचाची कल्पना मांडली. तिच्यात अवकाशकाळ सलग नाही, सुट्या घटनांचा आहे. कोणती घटना कोणाच्या आधीची, एवढेच ठाऊक. अंतर नाही, कोन नाही. मग एखाद्या प्रदेशाची कड ओळखायची कशी? ज्या घटनेनंतर त्या प्रदेशात दुसरी घटनाच नाही, अशा घटना मोजायच्या. त्यांच्या संख्येवरून भविष्याकडच्या हद्दीचे आकारमान कळते. नुसत्या मोजणीतून भूमिती! बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या सुमती सूर्या, तसेच बक, डाउकर आणि जब यांनी २०१५ मध्ये आणखी पुढचे दाखवले: हद्दीच्या अलीकडच्या शेवटच्या घटना आणि पलीकडच्या पहिल्या घटना यांच्या संख्यांतला फरक घेतला, की हद्दीची वक्रताही हाती येते.

काळाच्या दिशेने उभी जाणारी, म्हणजे बाजूची हद्द मात्र एवढी सरळ नाही. सपाट अवकाशकाळातही कारणसंचातल्या एकेका घटनेला निकटचे शेजारी असंख्य. कडेला कोण आणि मध्यात कोण, हे शेजाऱ्यांवरून ठरवणार कसे? मला विचाराल तर या सिद्धान्ताची खरी कसोटी इथेच आहे.

सलग अवकाशकाळातही हद्दीने कमी छळलेले नाही. प्रकाशकिरणांनी घडलेल्या हद्दीसाठी गुरुत्वाच्या क्रियेत (ॲक्शनमध्ये) कोणते पद जोडायचे, हे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या थानू पद्मनाभन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सविस्तर मांडले. सुट्या तुकड्यांच्या दुसऱ्या वाटेवर, लूप पुंजगुरुत्वात, अग्रणी नाव अभय अष्टेकरांचे. त्यांचा जन्म शिरपूरचा. तेव्हा हा विषय मराठी मुलखाला परका नाही.

वक्त्यांना एकच विनंती. मागच्या रांगांत आमच्या शाळा-कॉलेजची पोरे बसली आहेत. ती वऱ्हाडीत विचारतील. उत्तर मराठीतच द्या, आणि फळ्यावर आकृती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.