ओल येते कुठून?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी बुरशीसारखा विषय घ्यावा की नाही, असा मला संकोच वाटत होता. पण कार्यवाहबाई म्हणाल्या, "चिपळुणात राहून जिला ओलीचा विषय परका वाटत असेल, तिने हात वर करावा!" तेव्हा संकोच मिटला.

आपली जुनी घरे जांभ्या चिऱ्यांची, चुन्याच्या गिलाव्याची आणि कौलांची. आषाढ लागला की माजघराच्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात, ट्रंकेतल्या लुगड्यांना कुबट वास येतो आणि आपण म्हणतो, "पावसाळाच तो, चालायचेच!" हे 'चालायचेच' आता सोडावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आमच्या नातवाला रात्री दम लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हा झोपतो त्या खोलीच्या भिंतीला ओल आहे का?" ओल होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाचे विकार आणि दम्याचा जोर यांचा धोका अधिक असतो, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. बुरशीची सूक्ष्म बीजे तर सर्वच घरांच्या हवेत असतात. ती कोणी हाकलू शकत नाही. पण पाण्यावाचून ती रुजत नाहीत. म्हणून आपले भांडण बुरशीशी नाही, पाण्याशी आहे. पाण्याची वाट न शोधता भिंत रंगवणे म्हणजे गळक्या घागरीला बाहेरून चिंचेने घासण्यासारखे आहे.

पाणी घरात चार वाटांनी येते. वरून येते ते फुटक्या किंवा सरकलेल्या कौलातून. त्याचा डाग आढ्याकडून खाली उतरतो. बाजूने येते ती झड. तिचा मारा बहुधा पश्चिमेच्या भिंतीवर. खालून येते ते जमिनीतले पाणी; दिव्याची वात तेल ओढते तशी भिंत ते ओढते. हा डाग जोत्याकडून वर चढतो, साधारण कमरेपर्यंत येऊन थांबतो आणि तिथे पांढरा लोणा फुटतो. चौथे पाणी आपलेच: भाताची वाफ, न्हाणीची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे.

आमच्या घरी पुरुषमंडळींनी कौलांवर बोट ठेवले. कौले बदलली, पैसे गेले, ओल तिथेच. घर पाडून जागा विकावी, इथवर बोलणे गेले. तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अरे, डाग खालून वर चाललाय. कौले काय करतील?" मागे जाऊन पाहिले. पूर्वी एका गवंड्याने परसात भर घालून फरशी केली होती. त्यामुळे बाहेरची जमीन माजघराच्या जमिनीहून वीतभर उंच झाली होती आणि न्हाणीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरत होते. शिवाय आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तेलरंग!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिरा आणि चुना पाणी शोषतात, तसे ते वाफेच्या रूपाने सोडूनही देतात. सिमेंट आणि तेलरंग ती वाट बंद करतात. मग कोंडलेले पाणी आणखी वर चढते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. आम्ही परसातली भर काढली, पाण्याला चर दिला, कमरेपर्यंतचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. भिंत सुकायला दसऱ्यापासून अक्षय्य तृतीया उजाडली. नातवाची गादी आधीच ओटीवरच्या कोरड्या खोलीत हलवली होती. त्याचा दमा गेला असे मी म्हणणार नाही. पण रात्री उठून बसणे पुष्कळ कमी झाले. घरही राहिले.

पाणी भिंतीतले की हवेतले, हे कळत नसेल तर प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी कडांनी भिंतीला घट्ट चिकटवावा. दुसऱ्या दिवशी थेंब आतल्या अंगाला आले तर ओल भिंतीची. बाहेरच्या अंगाला आले तर घरातल्या वाफेची. पूर्वी चुलीच्या धगीने वासे, रिपा कोरडे राहत. त्या धुराने आपल्या आज्यांचे डोळे आणि छाती गेली, तेव्हा चूल परत आणू नये. पण गॅसवर रांधताना खिडकी उघडी ठेवावी, नाही तर पंखा लावून वाफ बाहेर काढावी. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे.

आता साफसफाई. बुरशी कोरड्या झाडूने कधीही झाडू नये. बीजे घरभर उडतात. नाकातोंडावर मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या आणि दम्याचे माणूस खोलीबाहेर. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावे व पूर्ण सुकू द्यावे. मग चुन्याच्या भिंतीवर विरलेल्या चुन्याचे दोन हात द्यावेत. ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. डोळे मात्र सांभाळावेत. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

२२ जुलै २०२१ चा पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. वाशिष्ठीचे पाणी ओसरल्यावर पुन्हा घर लावण्याची घाई प्रत्येकीला होती. पुन्हा तशी वेळ न येवो. पण आलीच तर आधी विजेची मुख्य कळ बंद करून घ्यावी आणि मग चिखल काढावा. भिजलेली वस्तू एकदोन दिवसांत सुकली नाही तर बुरशी धरते. म्हणून भिजून राहिलेल्या कापसाच्या गादीचा मोह सोडावा. जाड भिंत आतून सुकायला महिने लागतात, तोवर रंग नको.

भाड्याच्या घरातल्या भगिनींसाठी एक शब्द. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी मागणीनंतर पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नाही.

भगिनींनो, घरातला डाग पहिल्याने दिसतो तो आपल्याला, कारण तिथला केर आपण काढतो. म्हणून तो कोणत्या वाटेने आला हे सांगण्याचा मानही आपलाच. यंदा मृगाआधी शाकारणीला माणूस येईल, तेव्हा त्याच्याबरोबर घराभोवती एक फेरी आपणही मारावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.