रविवारचं प्रवचन, सोमवारचं दळण

1932 सालच्या फेब्रुवारीची 21 तारीख, वार रविवार. धुळ्याच्या तुरुंगात छत्तीस वर्षांच्या विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. असे अठरा रविवार गेले आणि 19 जूनला अठरावा अध्याय संपला. ऐकणारे सत्याग्रही कैदी होते. त्यांत जमनालाल बजाजांसारखे धनवान होते आणि ज्यांचं सगळं आयुष्य शेतात गेलं असे लोकही होते. अमळनेरची मास्तरकी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी हे बोलणं उतरवून घेत होते. ध्वनिमुद्रण नव्हतं, भिस्त सगळी चालत्या हातावर. आज भारतातल्या बहुतेक प्रमुख भाषांत पोचलेलं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या हातामुळे उरलं.

रोजच्या जगण्याला काही अर्थ आहे का, हा प्रश्न माणूस सहसा निवृत्तीनंतर विचारतो, नाहीतर पोट भरलेलं असताना. धुळ्यात तो तुरुंगाच्या भिंतीआड उभा होता, म्हणून त्या प्रवचनांचं मोल वेगळं. तिथे उद्याचा दिवस आजच्यासारखाच जाणार, हे ठरलेलं. सक्तमजुरीच्या कैद्याला नेमून दिलेलं दळण चुकत नाही. रविवारी कितीही उंच विचार कानावर पडला, तरी सोमवारी तेच जातं आणि तोच खुंटा. जे तत्त्वज्ञान सोमवारी टिकत नाही ते या श्रोत्यांच्या काय कामाचं?

विनोबांनी चौथ्या अध्यायात याला थेट हात घातला. गीतेत कर्म, विकर्म आणि अकर्म असे तीन शब्द येतात. शंकराचार्यांपासूनच्या भाष्यकारांनी विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असा अर्थ घेतला. विनोबांनी ती वाट सोडली. बाहेर हात काम करतात तेव्हा आतून मनाचीही जोड लागते, ती जोड म्हणजे विकर्म, असं त्यांनी सांगितलं. ती लागली की कामाचं ओझं वाटेनासं होतं. पंडितांना हा अर्थ मान्य होवो न होवो, जात्यापाशी बसलेल्या माणसाला तो लगेच उमगतो. संतांकडे बोट दाखवतानाही विनोबांनी सेना न्हावी आणि गोरा कुंभार ही नावं घेतली. या दोघांनी देव शोधायला आपला धंदा सोडला नाही.

जात्याचा विषय निघाला आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवल्या नाहीत, असं खानदेशात होत नाही. जन्म 1880 चा, असोद्याचा, सासर जळगावचं. अक्षरओळख नाही, तरुणपणीच वैधव्य, पदरात मुलं आणि शेतीचा रगाडा. दळताना, कांडताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतल्या काही वहीत टिपून ठेवल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. म्हणजे ज्या गाण्यांसाठी आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ती छापलेली त्यांनी कधी पाहिलीच नाहीत. कविता करायची म्हणून त्या जात्यावर बसल्या नव्हत्या. पीठ हवं होतं म्हणून बसल्या होत्या. या गाण्यांचं कौतुक करताना आपण त्या कष्टांचंही कौतुक करू लागतो, तिथे मात्र सांभाळायला हवं. कष्ट कमी असते तर गाणी कमी झाली असती, असं मानायला काहीही आधार नाही.

खानदेशातल्याच सावद्याला कामात मन घालण्याचा हा विचार पुस्तकातून शिकायची गरज नाही, इथे तो केळीच्या बागेत रोज दिसतो. कापणीची टोळी पहाटे बागेत शिरते. दूरच्या बाजारासाठी घड पूर्ण पिकायच्या आत, हिरवा असतानाच उतरवायचा. एकाने दांड्यावर विळा चालवायचा, दुसऱ्याने घड खांद्यावर झेलायचा. घड जमिनीवर आपटायचा नाही, पानं अंथरून त्यावर अलगद ठेवायचा. दांड्यातून गळणारा चीक कपड्यावर पडला की काळा डाग कायमचा. टोळीतल्या माणसाचा सदरा पाहिला की धंदा विचारावा लागत नाही. आणि यातली खरी मेख अशी की घडाला मार लागला तर तो त्या दिवशी दिसत नाही. हिरव्या सालीवर काहीच कळत नाही. माल गाडीत भरला जातो, दिल्लीला पोचतो, पिकवणी होते आणि मग फणीवर काळे डाग उमटतात. तोवर घड उतरवणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या बागेत पोचलेला असतो. त्याला कुणी जाब विचारणार नाही, कुणी शाबासकीही देणार नाही. तरीही जो घड जपून ठेवतो, तो कुणासाठी जपतो? ज्याचं तोंड तो जन्मात पाहणार नाही अशा गिऱ्हाईकासाठी. मनाची जोड म्हणतात ती हीच, आणि ती पाहायला धुळ्याला जावं लागत नाही.

अमेरिकेत एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी इस्पितळातल्या सफाई कामगारांचा असाच अभ्यास केला. त्यांचा लेख 2001 साली प्रसिद्ध झाला. काम तेच, पगार तोच. पण काहीजण फरशी पुसून मोकळे होत, तर काहीजण आपण रोगी बरे करणाऱ्यांतले आहोत असं मानून वागत. नेमून दिलेल्या कामात नसलेल्या गोष्टी ते आपण होऊन करत: रोग्याशी चार शब्द बोलायचे, वाट चुकलेल्या नातेवाइकाला सोबत करायची. विनोबांचं विकर्म ते हेच.

इथपर्यंत सगळं गोड आहे. अडचण पुढे आहे, आणि ती सावद्यात टाळता येणार नाही. घाम गाळणाऱ्याला कामाचा आनंद शिकवणारा बहुतेक वेळा सावलीत बसलेला असतो. मजुरी थकवायची आणि वर निष्काम कर्म सांगायचं, ही आपल्याकडची जुनी चलाखी आहे. मग विनोबांचं बोलणंही त्याच जातीचं म्हणायचं का?

याचं उत्तर सावद्याच्या शेजारीच सापडतं. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी ते उभं केलं, नंदलाल बोसांनी बांबू-चटयांनी नगर सजवलं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. या नगरात साने गुरुजींनी मैला उचलण्याचं काम केलं. गुरुजींसाठी ते नवीन नव्हतं. अमळनेरला ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले होते. पण तिथे न रमता 1924 साली हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणं, पसारा आवरणं, मुलांसाठी हाताने लिहून रोजचं दैनिक काढणं, यात त्यांनी तत्त्वज्ञान शोधलं. फैजपूरची बादली हा त्याचाच पुढचा टप्पा.

पण त्या बादलीकडे नीट पाहायला हवं. गुरुजींनी ती उचलली त्याला अर्थ होता, कारण ती नाकारण्याची मोकळीक त्यांना होती. ज्यांच्या डोक्यावर ती जातीने लादली होती, त्यांना त्याच बादलीत अर्थ शोधायला सांगणं हा निव्वळ निर्दयपणा ठरला असता. गुरुजींना हे पक्कं कळत होतं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं, ते याच जाणिवेतून. आणि फैजपूरच्या त्याच अधिवेशनात शेतसारा आणि खंड कमी करण्याची मागणी करणारा शेतकऱ्यांचा कार्यक्रमही मंजूर झाला. सफाईचं पावित्र्य आणि साऱ्याचा हिशेब एकाच मांडवात होते.

हीच सावधगिरी एका परदेशी पुस्तकातही आहे. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल ऑशविट्झसह नाझींच्या चार छावण्यांतून वाचले आणि 1946 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. दुःखातही अर्थ सापडतो, एवढंच त्यांचं म्हणणं आपल्याकडे फिरत असतं. त्याला त्यांनी घातलेली अट कुणी सांगत नाही: दुःख टाळता येण्याजोगं असेल तर त्याचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण काम, उगाच सोसत राहण्यात कसलीही थोरवी नाही.

सोसणं टाळता येण्याजोगं आहे का, ही परीक्षा विनोबांनी स्वतःवर घेतली. धुळ्याहून सुटल्यावर काही वर्षांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत ते दिवसाचे कित्येक तास सूत कातायला बसले आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यावरच जगून पाहण्याचा प्रयोग त्यांनी केला. तेवढ्यात पोट भरत नाही, हे त्यांनी स्वतः भोगून पाहिलं. तुरुंगात कर्मयोग सांगणारा माणूस बाहेर येऊन मजुरीचा दर तपासतो, म्हणून त्याच्या चौथ्या अध्यायावर विश्वास ठेवावासा वाटतो. ज्याने तो दर कधी तपासला नाही, त्याने कर्मयोगावर बोलू नये.

सावदा परिसरात कापणी काही थांबत नाही. ‘गीता प्रवचने’ सावदेकरांच्या पुष्कळ घरांत असेल. चौथं आणि नववं प्रवचन काढून जरूर वाचा. पण टोळीचा मागचा हिशेब राहिला असेल तर पुस्तक उघडण्याआधी तो चुकता करा.