आधी पाण्याची तपासणी, मग यंत्राची खरेदी

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व ग्रामसेवक यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



पाणी शुद्ध करण्याचे यंत्र ही आता केवळ शहरातील वस्तू राहिलेली नाही. तालुक्याच्या बाजारपेठेत अशी यंत्रे मांडलेली दिसतात आणि खेड्यातील कुटुंबेही हप्त्याने ती घेऊ लागली आहेत. पिण्याच्या पाण्याविषयी आलेली ही जागृती स्वागतार्ह आहे. परंतु कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न लोक दुकानदाराला विचारतात. वास्तविक तो त्यांनी आपल्याला विचारावयास हवा, आणि त्याचे उत्तर देण्याची तयारी आपणाजवळ असली पाहिजे.

पाण्यात दोष कोणता आहे हे ठाऊक नसताना यंत्र घेणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध घेण्यासारखे आहे. पैसे तर जातातच. पण आपण सुरक्षित आहोत असा खोटा विश्वास निर्माण होतो, आणि तो पैशाच्या हानीहून अधिक घातक असतो.

दोषांचे तीन प्रकार

पाण्याचे दोष स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला गढूळपणा, तो डोळ्यांना दिसतो. दुसरा रोगजंतूंचा. ते दिसत नाहीत, पण अतिसार, कावीळ, विषमज्वर यांसारखे विकार त्यांच्यामुळे होतात आणि त्यांचा फटका प्रथम लहान मुलांना बसतो. तिसरा दोष विरघळलेल्या क्षारांचा व रसायनांचा. फ्लोराईड, नायट्रेट यांसारखी द्रव्ये पाण्याच्या रंगावरून वा चवीवरून ओळखता येत नाहीत.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ सालच्या मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू मुळीच आढळता कामा नयेत. फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत कोणतीही सवलत नाही. एकूण विरघळलेले घटक ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. पर्यायी स्रोताच्या अभावी २००० पर्यंत मुभा आहे.

हे सारे जाणून घेण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. शासनाच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत पाण्याचे नमुने तपासले जातात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये तपासणी संचाच्या साहाय्याने गावातच प्राथमिक तपासणी व्हावी, यासाठी प्रत्येक गावातील पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. जंतूंची तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी निदान दोनदा झाली पाहिजे.

दोष तसा उपाय

पाणी केवळ गढूळ असेल तर तुरटी फिरवून ते निवळू द्यावे व वरचे पाणी गाळून घ्यावे. मात्र तुरटीने पाणी निवळले, म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे.

दोष रोगजंतूंचा असेल, तर सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते निदान एक मिनिट उकळू द्यावे. इंधन परवडत नसेल तर क्लोरीनचे द्रावण वा गोळी वेष्टनावरील प्रमाणात निवळलेल्या पाण्यात घालून अर्धा तास थांबावे. कँडलच्या फिल्टरने गढूळपणा व बरेचसे जंतू अडतात, परंतु विषाणूंच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. यंत्रच घ्यावयाचे असेल, तर अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याचे यू. एफ. यंत्र विजेवाचूनही चालते. अतिनील किरणांचे यू. व्ही. यंत्र प्रभावी आहे. परंतु त्यास अखंड वीज व स्वच्छ, नितळ पाणी लागते. गढूळ पाण्यात किरण जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत.

दोष क्षारांचा वा रसायनांचा असेल, तर वरीलपैकी एकही उपाय उपयोगी नाही. उलट, पाणी उकळल्याने काही पाण्याची वाफ होते आणि फ्लोराईड व नायट्रेट यांचे प्रमाण वाढते. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड अधिक आहे. तेथील माता बालकाच्या काळजीपोटी पाणी आटवीत असेल, तर तिला ही गोष्ट कोणीतरी समजावून सांगितली पाहिजे. कारण फ्लोराईडमुळे दातांवर डाग पडतात आणि हाडे कायमची वाकतात. अशा ठिकाणी शक्य तर दुसरा निर्दोष स्रोत शोधावा. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने चुना व तुरटी यांच्या साहाय्याने फ्लोराईड कमी करण्याची ‘नलगोंडा’ पद्धत विकसित केली आहे. आर. ओ. यंत्रानेही ते कमी होते.

आर. ओ. कोणासाठी?

आर. ओ. यंत्रात पाणी दाबाने पडद्यातून ढकलून क्षार वेगळे काढले जातात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात या यंत्राचे प्रयोजन स्पष्ट आहे. परंतु जेथे धरणाचे वा नदीचे गोडे पाणी शुद्ध होऊन नळाने येते, तेथे बहुधा त्याची गरज नसते. घरगुती यंत्रात एक लिटर पाणी मिळविताना सामान्यतः दोन ते तीन लिटर पाणी वाहून जाते. टंचाईच्या गावात हा विचार महत्त्वाचा आहे. विरघळलेले घटक ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तेथे या यंत्रांच्या वापरास मनाई करण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र शासनाला दिले होते, ते याच कारणास्तव.

काही विक्रेते पाण्यात विजेच्या दांड्या बुडवून तपकिरी गाळ दाखवितात आणि ही तुमच्या पाण्यातील घाण, असे सांगतात. तो गाळ मुख्यतः त्या दांड्यांच्या लोखंडाचा असतो. यंत्रातून आलेल्या पाण्यात क्षार अल्प असल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून ते नितळ राहते. त्यातच चिमूटभर मीठ घातले, तर तेथेही गाळ दिसू लागेल. शिक्षकांनी यामागील विज्ञान मुलांना अवश्य समजावून सांगावे. त्याचप्रमाणे टी. डी. एस. मोजणाऱ्या लहानशा उपकरणावरील आकडा विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतूंविषयी वा फ्लोराईडविषयी तो काहीही सांगत नाही.

यंत्र घेताना पडदा, दिवा व कँडल बदलण्याचा वार्षिक खर्च आणि दुरुस्तीची तालुक्यातील सोय यांची चौकशी करावी. वेळेवर न बदललेला फिल्टर स्वतःच जंतूंचे घर बनतो. शुद्ध केलेले पाणी तोटीच्या, झाकण असलेल्या भांड्यात ठेवावे; तोटी नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. पेला धरलेली बोटे माठात बुडाली, की महागड्या यंत्राचे श्रम वाया गेलेच म्हणून समजावे.

पंचायतीची जबाबदारी

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. ज्यांना परवडेल ते यंत्र घेतील. परंतु वस्तीवरील मजुराचे मूल सार्वजनिक विहिरीचेच पाणी पिणार आहे. त्याचे संरक्षण नियमित टी. सी. एल. टाकणारा जलसुरक्षक आणि नळाच्या शेवटच्या टोकाला घेतलेली ओ. टी. चाचणी यांवरच अवलंबून आहे. तेथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आढळले पाहिजे. घरोघरी यंत्रे आली म्हणून या कामात ढिलाई झाली, तर त्याची किंमत सर्वांत गरीब घराला मोजावी लागेल.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या गावच्या प्रत्येक स्रोताचा तपासणी अहवाल येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि तो पंचायतीच्या व शाळेच्या फलकावर सोप्या मराठीत लिहावा. कोणत्या घराला यंत्राची गरज आहे आणि कोणत्या घराला नुसते उकळलेले पाणी पुरेसे आहे, हे मग प्रत्येक कुटुंबास स्वतःच ठरविता येईल.