आधी दहा सेकंद, मग तासभर

आज मी काशीहून बोलतोय, पंचगंगा घाटाजवळच्या मंगला गौरीहून. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. अशाच एका घरात माझी आत्या राहते. तिच्याकडे मोडीतली जुनी पत्रं आहेत आणि घरात मोडी वाचता येते ती फक्त तिला.

मी पत्रांचे फोटो काढून लॅपटॉपवर घेतले. ती वाचेल तशी ओळ मी कर्सरने दाखवायची आणि स्क्रीन आवाजासकट रेकॉर्ड करायची, असं ठरलं. आत्या तासभर वाचत होती. नंतर लावून बघतो तर चित्र आहे, आवाजच नाही! चूक माझीच. माइक बंद राहिला होता.

तुमचं असं होऊ नये म्हणून सांगतो.

ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. 'सोर्सेस'खालच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करा आणि विंडोजवर 'डिस्प्ले कॅप्चर' निवडा. मॅकवर 'मॅकओएस स्क्रीन कॅप्चर'. आता 'ऑडिओ मिक्सर' बघा. 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज, 'माइक' म्हणजे आपला. बोलताना माइकची पट्टी हलली पाहिजे. पिवळ्यापर्यंत गेली तर उत्तम. लाल झाली तर आवाज फाटेल. हललीच नाही, तर थांबा.

सेटिंग्जमध्ये 'आउटपुट'खाली रेकॉर्डिंगसाठी एमकेव्ही निवडा. मध्येच लॅपटॉप बंद पडला तरी तोवरचं रेकॉर्डिंग सहसा वाचतं. साधी एमपी४ फाइल अर्धवट राहिली तर बहुधा उघडतही नाही. काम झाल्यावर 'फाइल' मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'मधून एमपी४ करून घ्या. आणि हो, सुरू करण्याआधी व्हॉट्सॲप बंद करा. नाहीतर तुमचे निरोपही सगळे वाचतील.

यूट्यूबवर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकायला आधी फोन नंबरने खातं पडताळावं लागतं. मग प्रश्न येतो, कोणाला दाखवायचं? 'अनलिस्टेड' व्हिडिओ शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो. 'प्रायव्हेट' फक्त तुम्ही ईमेलने बोलावलेल्यांनाच दिसतो. घरच्या कागदांत देणी-घेणी असतात, नावं असतात. आम्ही प्रायव्हेट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी आधी दहा सेकंद रेकॉर्ड केलं आणि हेडफोन लावून ऐकलं. देवळातली घंटा आत्यापेक्षा मोठी येत होती. खिडकी लावली, माइक तिच्याजवळ सरकवला, पुन्हा दहा सेकंद ऐकलं आणि मगच सुरुवात केली.

सगळी पत्रं नीट रेकॉर्ड झाली. पण आदल्या दिवशी एक पत्र वाचता वाचता तिने तिच्या आईची एक गोष्ट सांगितली होती. "काल काय सांगत होतीस गं?" विचारलं, तर म्हणाली, "काल सांगितली ना? आता नाही आठवत बाबा."

तेवढे दहा सेकंद काढा, मंडळी.