हृदयाचे यंत्र आणि देयकातील संकेतांक



माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते. या अखंड कार्यात काही सेकंदांचा खंड पडला तरी मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि चालताबोलता माणूस जमिनीवर कोसळतो. मिनिटाभरात तो सावध होतो, पाणी पितो आणि उन्हाने घेरी आली असे म्हणून पुन्हा कामास लागतो. खेड्यापाड्यांतून अशा प्रसंगास घेरी, भोवळ, चक्कर, क्वचित फेफरे अशी नावे दिली जातात. कोणी नाकाशी कांदा धरतो, कोणी अंगाऱ्याची पुडी आणतो. यामागे हृदयाचा दोष असू शकेल, ही शंका फार थोड्यांच्या मनात येते.

हा दोष ओळखून त्यावर उपाय करणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. ती गरिबासही मिळावीत यासाठी शासनाची योजनाही आहे. तथापि रुग्ण आणि यंत्र यांच्यामध्ये काही कागद, काही नोंदी आणि काही संकेतांक उभे असतात. ते नीट झाले तर उपचार सुकर होतो, आणि त्यांत चूक राहिली तर हक्काचा उपचारही अडून बसतो. ही कागदाची बाजू गावातील जाणत्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

निदानाची अडचण

भोवळ येणारा रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा त्याचे हृदय बहुधा सुरळीत चाललेले असते. हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे नेहमीचा ई.सी.जी., काही सेकंदांचीच स्थिती दाखवतो. चोवीस तास अंगावर बाळगण्याच्या होल्टर यंत्राने एका दिवसाची नोंद मिळते. परंतु भोवळ सहा महिन्यांतून एकदाच येत असेल तर या दोन्ही चाचण्या निर्दोष येऊ शकतात. अशा रुग्णांसाठी छातीच्या कातडीखाली बसवण्याचे एक लहान नोंदणीयंत्र निघाले आहे. त्यास लूप रेकॉर्डर म्हणतात. बोटाच्या दोन पेरांएवढे हे यंत्र सुमारे तीन वर्षे हृदयाच्या गतीवर पहारा ठेवते. भोवळ येऊन गेल्यावर रुग्णाने किंवा घरच्या माणसाने सोबत दिलेल्या साधनाची कळ दाबली की त्या वेळची नोंद राखून ठेवली जाते.

हे यंत्र उपचार करीत नाही. ते केवळ साक्ष देते. हृदयाची गती खरोखर थांबत असल्याचे या किंवा अन्य चाचणीतून सिद्ध झाले, तर पेसमेकर बसवावा लागतो. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवण्यात आला. तो काही तासांतच बंद पडला. पण लार्सन पुढे नवनव्या यंत्रांच्या आधाराने २००१ सालापर्यंत जगले.

भोवळीचा संकेतांक

रुग्णालयाच्या कागदांत आजार शब्दांनी लिहिला जातो, तसाच तो संकेतांकांनीही नोंदवला जातो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे मूळ १८९३ सालच्या बेर्तियों यांच्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर केली आणि अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. दहाव्या आवृत्तीत भोवळीचा संकेतांक आर-५५ असा आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत मुळीच न पोहोचणे, या आजाराचा संकेतांक आय-४४.२ असा आहे. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीची नोंद झेड-९५.० या संकेतांकाने होते.

या तीन संकेतांकांत एका माणसाची सारी कहाणी सामावते. तो कोसळला, त्याचे कारण सापडले, आणि यंत्राच्या आधाराने तो जगू लागला. मात्र पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी पुरावा लागतो. 'चक्कर येते' एवढ्या नोंदीवर पेसमेकरला मान्यता मिळत नाही. आणि ते योग्यही आहे, कारण प्रत्येक चक्कर हृदयाची नसते आणि अनावश्यक यंत्र शरीरात बसवणे हा रुग्णावर अन्यायच होय.

दुसऱ्या प्रकारचा संकेतांक उपचाराचा असतो. अमेरिकेत लूप रेकॉर्डर बसवण्यास ३३२८५, काढण्यास ३३२८६ आणि दूरस्थपणे मिळालेल्या नोंदींच्या तीस दिवसांपर्यंतच्या वाचनास ९३२९८ असे वेगवेगळे संकेतांक आहेत आणि प्रत्येकाची आकारणी स्वतंत्र होते. आपल्याकडील शासकीय योजनांची रीत निराळी आहे. येथे एका उपचाराचे एक पॅकेज ठरते. त्यात खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, भोजन आणि शरीरात बसवायचे साहित्य यांचा समावेश असतो. आयुष्मान भारत योजनेच्या यादीत हृदयरोगाच्या पॅकेजचे संकेतांक 'एमसी' या अक्षरांनी सुरू होतात.

योजनेची वाटचाल

महाराष्ट्रात हृदय, मूत्रपिंड व मेंदूच्या खर्चिक शस्त्रक्रियांसाठी १९९७ साली जीवनदायी योजना सुरू झाली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व जिल्ह्यांत, म्हणून तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातही, लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवण्यात आली.

या जिल्ह्याच्या दृष्टीने एक बाब लक्षणीय आहे. पूर्वी पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना हा लाभ केवळ चौदा जिल्ह्यांत मिळे. शेजारच्या बीड व औरंगाबाद जिल्ह्यांचा त्यांत समावेश होता, नगरचा नव्हता. एकाच शिवेच्या अलीकडे व पलीकडे असा भेद होता. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तो संपला. सर्व शिधापत्रिकाधारकांना, पत्रिकेचा रंग कोणताही असो, कुटुंबामागे दर वर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले आणि त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली. पांढरी पत्रिका असल्याने लाभ नाही, असा समज कोठे उरला असेल तर तो दूर करावयास हवा.

कागदाचा प्रवास

रुग्ण अंगीकृत रुग्णालयात गेल्यावर त्याने प्रथम आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहून आरोग्यमित्र नोंदणी करतो. तपासण्यांनंतर रुग्णालय पॅकेज निवडून आलेख व अहवालांसह पूर्वमान्यता मागते. मान्यता मिळाल्यावर शस्त्रक्रिया होते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून सूचना देऊन उपचार सुरू करता येतात. रुग्ण घरी गेल्यावर रुग्णालय आपला दावा राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे पाठवते. त्यात बसवलेल्या यंत्राच्या वेष्टनावरील चिठ्ठी, यंत्र शरीरात असल्याचे दाखवणारे क्ष-किरण छायाचित्र आणि डिस्चार्ज कार्ड यांना महत्त्व असते. आलेखात एक निदान, कार्डावर दुसरे आणि पॅकेज तिसरेच, असे झाले की दावा अडतो.

मान्य झालेल्या उपचारासाठी अंगीकृत रुग्णालयाने रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत. कोणी यंत्राची किंमत वेगळी मागितली तर आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते. सुचवलेले यंत्र योजनेच्या यादीत आहे किंवा नाही, हे दाखल होतानाच विचारून घ्यावे. लूप रेकॉर्डरच्या बाबतीत ही चौकशी विशेष अगत्याची आहे.

योजनेबाहेर स्वखर्चाने उपचार घेणाऱ्यांनाही देयक वाचता आले पाहिजे. हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंटची किंमत पूर्वी देयकात दडून जात असे. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याच आदेशात स्टेंटची किंमत, उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक देयकात स्वतंत्रपणे लिहिण्याचे बंधन रुग्णालयांवर घालण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असून त्यांची छापील किंमत बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. पेसमेकरच्या देयकातही यंत्राचे नाव, क्रमांक व किंमत वेगळी मागणे म्हणूनच उचित होय.

घरी आल्यानंतर

पेसमेकर बसवलेल्या रुग्णास एक लहान ओळखकार्ड मिळते. त्यावर कंपनी, प्रकार, अनुक्रमांक आणि बसवल्याचा दिनांक असतो. हे कार्ड शिधापत्रिकेइतकेच जपावे. प्रत्येक कंपनीचे यंत्र तपासण्याचे उपकरण वेगळे असते. कार्ड हरवले तर डॉक्टरांना यंत्राची माहिती मिळवणे कठीण होते. एम.आर.आय. तपासणीपूर्वी ते दाखवावेच लागते. काही वर्षांनी घट संपत आला की यंत्राचा मुख्य भाग बदलावा लागतो. ती शस्त्रक्रिया मूळ शस्त्रक्रियेहून वेगळी असल्याने तिची नोंदही वेगळी होते, आणि त्या वेळी जुने कागद उपयोगी पडतात. आणखी एक गोष्ट सांगणे कर्तव्यप्राप्त आहे. अशा व्यक्तीचे निधन झाल्यास दहनापूर्वी यंत्र काढून घ्यावे लागते, कारण उष्णतेने घटाचा स्फोट होऊ शकतो. दुःखाच्या घडीला हे कुटुंबाच्या ध्यानात राहत नाही. गावातील जाणत्याने आठवण द्यावी.

गावाने करावयाचे काम

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. शिर्डी, लोणी आणि नगर येथे हृदयरोगावर उपचार करणारी मोठी रुग्णालये आहेत. परंतु अकोल्याच्या डोंगराळ भागातून नगरचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक भरते. एका नावातील चुकीपायी माघारी फिरणे म्हणजे एका दिवसाची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि कधी कधी परत न जाण्याचा निश्चय. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबे तर हंगामात महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात, आणि शिधापत्रिका घरी पेटीत असते.

ग्रामपंचायतीने हंगामापूर्वीच शिधापत्रिका व आधारपत्र यांतील नावे जुळतात का ते पाहावे, वगळलेली नावे जोडून घ्यावीत आणि आयुष्मान कार्डे काढून द्यावीत. शिक्षकांनी आणखी एक काम करावे. कोणी कोसळले तर त्या प्रसंगाचे टिपण ठेवावे: दिनांक व वेळ, उभा होता की बसलेला, चेहरा पांढरा पडला का, हातपाय झटकले का, नाडी लागत होती का, किती वेळाने शुद्ध आली. पाच ओळींचे हे टिपण डॉक्टरांना योग्य चाचणीकडे नेते. शुद्ध पटकन आली नाही किंवा श्वास थांबला, तर टिपण करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे सामान्य माणसाच्या आवाक्यातील काम आहे, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातील माणसाने नीट पाहिले आणि नीट सांगितले तर वैद्यकशास्त्र त्याच्या दारापर्यंत येते, हे जामखेडने सिद्ध केले आहे.

संकेतांक लिहिणे रुग्णालयाचे काम असले, तरी त्यामागील पहिली साक्ष गावातच मिळते. बांधावर कोसळलेल्या माणसाची गोष्ट 'उन्हाने घेरी आली' या वाक्यावर संपू द्यावयाची नसेल, तर ती साक्ष आणि ते कागद सांभाळणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असावयास हवा.